वाचवलेल्या जिवाचे देणे

मराठीत एक जुनी म्हण आहे : जिवावरचे शेपटावर गेले. संकट जिवावर बेतले होते, ते शेपटावर निभावले. शेपूट तुटले, पण जनावर वाचले. घरातल्या मोठ्या आजारपणानंतर किंवा अपघातानंतर समाचाराला येणारी माणसे हे वाक्य हमखास बोलून जातात आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. पाय गेला, पण माणूस हाती लागला. घर वाहून गेले, पण मुलेबाळे सुखरूप राहिली. गेलेल्या शेपटासाठी रडत बसू नये, एवढाच त्या म्हणीचा व्यवहारी उपदेश.

मेंदूतील गाठीसाठी डोक्यावर किरणोपचार घेऊन जी मुले वाचतात आणि पुढे काही वर्षांनी ज्यांना ऐकू येईनासे होते, त्यांच्या आईवडिलांनाही हीच म्हण ऐकवली जाते. ती तेथे लागू पडते का, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न वैद्यकाचा वाटतो. पण वैद्यकाने आपल्या परीने त्याचे उत्तर शोधले आहे आणि अजूनही ते शोधत आहे. उरतो तो नीतीचा भाग. एका मुलाच्या वतीने, त्याला न विचारता, आपण त्याच्यासाठी एक मोठे भले मिळवतो आणि त्याची किंमत त्याच्याच शरीरातून चुकती करतो. असे करण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? आणि तो मिळाला, तरी व्यवहार तेथेच पुरा होतो का?

आधी वस्तुस्थिती पाहू. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींमध्ये मेड्युलोब्लास्टोमा ही फार आढळणारी गाठ आहे. ती डोक्याच्या मागच्या बाजूस, लहान मेंदूत होते. पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९२५ साली तिला हे नाव दिले. कुशिंग हे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे त्या काळातले सर्वांत मोठे नाव. पण त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या या रुग्णांपैकीही तीन वर्षांनंतर जवळजवळ कोणी उरले नाही. गाठ काढली तरी तिच्या पेशी मेंदू आणि मणका यांच्याभोवतीच्या द्रवातून पसरत आणि पुन्हा डोके वर काढत. १९५३ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथून एडिथ पॅटर्सन आणि त्यांचे सहकारी फार यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. केवळ गाठीच्या जागी नव्हे, तर संपूर्ण मेंदूवर आणि संपूर्ण मणक्यावर किरण दिले, तर तीन वर्षांनंतर निम्म्याहून अधिक रुग्ण जिवंत राहतात, असे त्यांना आढळले होते. त्या दिवसापासून हा आजार म्हणजे मृत्यूच, हे समीकरण मोडले. पुढे औषधांची जोड मिळाली. आज ज्यांचा आजार पसरलेला नाही अशा मुलांपैकी पाचांतली सुमारे चार मुले पाच वर्षांनंतर हयात असतात.

आता कान. ऐकण्याचे खरे इंद्रिय बाहेर दिसत नाही. ते कानामागच्या कठीण हाडाच्या पोटात, गोगलगाईच्या शिंपल्यासारख्या वेटोळ्यात दडलेले असते. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्याच्या आत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. नादाची लाट या वेटोळ्यातून कशी प्रवास करते, हे उलगडून दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेटोळ्याच्या तोंडाशी उंच पट्टीचे स्वर उमटतात, आत टोकाशी खालच्या पट्टीचे. हे वेटोळे लहान मेंदूच्या अगदी शेजारी असल्यामुळे मागच्या भागावर रोखलेले किरण त्याला सहज गाठतात. त्यातच या मुलांना जे सिस्प्लॅटिन नावाचे औषध बहुधा दिले जाते, तेही याच केशपेशींचा नाश करते. दोन्ही घाव एकाच जागी बसतात, आणि विशेषतः औषधाचा घाव प्रथम वेटोळ्याच्या तोंडाशी, म्हणजे उंच पट्टीवर पडतो.

पालीचे तुटलेले शेपूट पुन्हा फुटते. पक्ष्यांच्या कानातील नष्ट झालेल्या केशपेशीही पुन्हा उगवतात, हे १९८० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांना आढळले. माणसाच्या उगवत नाहीत. जन्मतः जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच. म्हणीतला शेपटाचा दृष्टान्त येथेच एकदा अडखळतो.

उंच पट्टी गेली म्हणजे नेमके काय गेले, हे मराठी घरात बसून समजून घेतले पाहिजे. आपले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, फ, थ, त यांसारखी व्यंजने मात्र उंच पट्टीतली आणि क्षीण असतात. ज्या मुलाची उंच पट्टी गेली आहे, त्याला आवाज ऐकू येतो. शब्द येत नाही. ‘साठ’ म्हटले तर त्याच्यापर्यंत ‘आठ’ पोचते आणि गणित चुकते. ‘तू कुठे होतास’ यातला शेवटचा ‘स’ गळतो, आणि प्रश्न आपल्याला आहे की दुसऱ्याविषयी आहे, हेच त्याला उमगत नाही. आपल्या भाषेत विभक्तीचे ‘स’ आणि ‘त’ हे एवढेसे प्रत्यय वाक्याचा सगळा भार वाहतात. नेमके तेच गळतात. पण मागे उभे राहून टाळी वाजवली तर मूल वळून पाहते. दार आपटले तर दचकते. मग घरचे म्हणतात, ‘ऐकू तर येते, लक्ष देत नाही.’ शाळेत शेरा पडतो : उद्धट आहे, स्वप्नाळू आहे. मेंदूच्या आजारातून उठलेले मूल, म्हणून बुद्धी मंद झाली असेल असेही कोणी मनात धरतो. अर्थात किरणांचा परिणाम बुद्धीवरही होऊ शकतो, हे खरे आहे. परंतु न ऐकल्यामुळे मागे पडलेल्या मुलाला मंद ठरवणे, हा त्याच्यावर झालेला दुसरा घाव म्हणावा लागेल, आणि तो कोणत्याही यंत्राने केलेला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती नीतीच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते. ही हानी उशिरा येते. अमेरिकेतील मेंफिस शहरात सेंट ज्यूड बाल रुग्णालय आहे. लेबनॉनहून आलेल्या मॅरोनाइट कॅथलिक कुटुंबातला विनोदी नट डॅनी थॉमस याने हलाखीच्या दिवसांत, निराशेच्या प्रसंगी धावून येणाऱ्या संत ज्यूडला नवस केला होता. तो फेडण्यासाठी त्याने हे रुग्णालय उभारले आणि १९६२ साली ते सुरू झाले. तेथे मुलांच्या उपचाराचे पैसे घरच्यांकडून घेतले जात नाहीत. या रुग्णालयाने २०१६ साली आपल्या २३५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सर्व मुले मेंदूच्या गाठीसाठी किरणोपचार घेतलेली, पण सिस्प्लॅटिन न घेतलेली होती. म्हणजे येथे दोष केवळ किरणांचा शोधता येत होता. त्यांच्यापैकी १४ टक्के मुलांचे ऐकणे बिघडले, आणि ते बिघडल्याचे लक्षात यायला उपचारानंतर लागलेला मध्यम काळ ३.६ वर्षांचा होता. जे मूल जितके लहान आणि कॉक्लियाला पोचलेली मात्रा जितकी मोठी, तितका धोका अधिक.

साडेतीन वर्षे! तोवर केस पुन्हा आलेले असतात, नवस फेडून झालेले असतात, मूल शाळेत दोन इयत्ता पुढे गेलेले असते. घराने आजाराची फाइल कपाटात वरच्या फळीवर ठेवलेली असते. नेमके त्याच वेळी किंमत वसूल व्हायला सुरुवात होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ख्रिस्तसभेच्या नीतिपरंपरेत अशा प्रसंगी हाताशी येणारे तत्त्व दुहेरी परिणामाचे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात स्वसंरक्षणाची चर्चा करताना त्याचा पाया घातला : एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. पुढच्या पंडितांनी त्याच्या अटी बांधून दिल्या. कृती मुळात वाईट नसावी. वाईट परिणाम हा कर्त्याचा हेतू नसावा. चांगला परिणाम वाईटाच्या मार्गाने साधलेला नसावा. आणि मिळणारे भले होणाऱ्या हानीच्या तोलाचे असावे. किरणोपचार या चारही अटी पुऱ्या करतो. मुलाला बहिरे करणे हा कोणाचाच हेतू नाही; बहिरेपणामुळे गाठ बरी होते असेही नाही; आणि जीव हा कानापेक्षा निश्चितच मोठा आहे. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली मज्जासंस्थेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे रोममध्ये भाषण केले, त्यात त्यांनी दुसरा आधार मांडला : अवयव हा संपूर्ण देहासाठी असतो, म्हणून संपूर्णाच्या हितासाठी अवयवाची हानी पत्करता येते. मात्र त्याच भाषणात त्यांनी एक कुंपणही घातले. समाज हा त्या अर्थाने देह नव्हे. माणूस हा समाजाचा अवयव म्हणून दुसऱ्यांच्या हितासाठी खर्ची टाकता येत नाही. म्हणजे या मुलाचे कान याच मुलाच्या जिवासाठी द्यावे लागले तर ते क्षम्य. उद्याच्या मुलांसाठी नाही.

तोलाची अट ही केवळ पुस्तकी अट नाही, हे इतिहासातल्या एका गोष्टीवरून कळते. १९४८ ते १९६० या काळात इस्राएलमध्ये बाहेरून येऊन वसणाऱ्या कुटुंबांतील, विशेषतः उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून आलेल्या, सुमारे २०,००० मुलांच्या डोक्यांवर क्षकिरण दिले गेले. कशासाठी? डोक्यातल्या नायट्यासाठी. ती त्या काळी जगभर मान्य असलेली पद्धत होती. कोणाचा हेतू वाईट नव्हता. पुढे त्या मुलांमध्ये मेंदूच्या आवरणातील आणि गलग्रंथीतील गाठी वाढलेल्या दिसल्या आणि १९९४ साली इस्राएलला नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. किरण तेच, डोकी मुलांचीच. फरक एवढाच, की एका पारड्यात मृत्यू नव्हता, खाज होती.

तेव्हा मेंदूच्या गाठीसाठी संमतीपत्रावर सही करणारा बाप किंवा आई यांच्या नीतीविषयी शंका घ्यायला जागा नाही. त्या कागदावर केस गळण्यापासून वाढ खुंटण्यापर्यंत परिणामांची यादी असते, त्यात कोठेतरी ‘ऐकू कमी येणे’ असते, आणि त्या घटकेला ते कोणाच्या मनावर उमटत नाही. उमटूही नये. बुडणाऱ्याला बाहेर ओढताना त्याचा खांदा निखळेल का, याचा विचार करणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही.

येथे बहुतेक चर्चा थांबते. सही योग्य होती, हानी हेतूबाहेरची होती, प्रकरण मिटले. मला मात्र वाटते की खरा नीतिप्रश्न येथून पुढे सुरू होतो. दुहेरी परिणामाचे तत्त्व आपल्याला परवानगी देते. ते आपले देणे माफ करीत नाही. हानी करण्याची मुभा मिळणे आणि झालेल्या हानीबद्दल मोकळे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या फार सहज एक करून टाकतो.

मायकेल वॉल्झर या अमेरिकन विचारवंताने १९७७ साली युद्धनीतीवरील आपल्या ग्रंथात या तत्त्वाला एक महत्त्वाची पुरवणी जोडली. निरपराध माणसे मारली जावीत असा हेतू नव्हता, एवढे म्हणणे सैनिकाला पुरेसे नाही. ती कमी मरावीत म्हणून त्याने स्वतः काही धोका, काही खर्च अंगावर घ्यायला हवा. प्रसंग रणांगणाचा आहे, पण विचार रुग्णालयात नेला तर तो अधिकच चपखल बसतो. आधी दिसत असलेली हानी कमी करण्यासाठी झिजणे, हाच हेतू शुद्ध असल्याचा पुरावा.

या कसोटीवर वैद्यकाने गेल्या काही दशकांत जे केले त्याबद्दल आदर बाळगावा असेच ते आहे. तीन वर्षांखालील मुलांना आधी औषधे देऊन किरण लांबणीवर टाकण्याचे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. संपूर्ण मेंदू व मणक्यावर पूर्वी ३६ ग्रे इतकी मात्रा देत. औषधांची जोड दिल्यास कमी जोखमीच्या मुलांना २३.४ ग्रे पुरते, हे १९९९ पर्यंत सिद्ध झाले. (ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणांचे माप आहे.) किरणांची तीव्रता जागोजाग बदलून कानाला वळसा घालणारी पद्धत अमेरिकेतील टेक्ससमधील डॉक्टरांनी वापरली. त्यांनी २००२ साली कळवले की जुन्या पद्धतीत ६४ टक्के मुलांचे ऐकणे गंभीरपणे बिघडले होते, नव्या पद्धतीत ते प्रमाण १३ टक्क्यांवर आले. मुले थोडी होती, सव्वीसच. पण दिशा स्पष्ट होती. संत ज्यूडच्या नावाच्या त्याच रुग्णालयाने १९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या कर्करोगासाठी डोक्यावर किरण देऊन कितीतरी मुले वाचवली होती. त्याच रुग्णालयाने २००९ साली दाखवले की आता त्या आजारात डोक्यावरचे किरण पूर्णपणे वगळता येतात. स्वतःच्या यशातला दोष शोधत चाळीस वर्षे काम करणे सोपे नसते.

पण दयेलाही तोल लागतो. २०२१ साली मेड्युलोब्लास्टोमाच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत तीन ते सात वर्षांच्या मुलांपैकी काहींना २३.४ ऐवजी १८ ग्रे दिले होते. हेतू उघड होता : कोवळा मेंदू जपावा. कमी मात्रेच्या गटात आजार अधिक मुलांमध्ये उलटला. त्याच चाचणीत दुसराही प्रश्न विचारला होता. शेवटची जादा मात्रा डोक्याच्या सबंध मागच्या भागाला न देता केवळ गाठीच्या जागेला दिली तर? त्याने काही बिघडले नाही. म्हणजे एका ठिकाणी हात आखडणे मुलांच्या जिवावर बेतले आणि दुसऱ्या ठिकाणी ते निव्वळ लाभाचे ठरले. आणि कोणते कोठे, हे प्रत्यक्ष मुलांवर पाहिल्याखेरीज कोणालाही सांगता आले नसते. पोप पायस यांनी घातलेले कुंपण येथे आठवते. ती मुले उद्याच्या मुलांसाठी खर्ची टाकली गेली काय? माझ्या मते नाही, कारण चाचणी सुरू होताना कमी मात्रेत त्यांचे स्वतःचे हित असण्याची खरी शक्यता होती, आणि जाणकारांनाही उत्तर ठाऊक नव्हते. परंतु हे ‘नाही’ मी चटकन उच्चारू शकत नाही, आणि ते चटकन उच्चारणाऱ्यावर विश्वास ठेवू नये असेही मला वाटते.

औषधाच्या बाजूलाही असेच झाले. सोडियम थायोसल्फेट हे जुने, साधे रसायन सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी दिले तर कान वाचतात, हे यकृताची गाठ असलेल्या मुलांवरील चाचणीत २०१८ साली दिसले : त्याविना ६३ टक्के मुलांचे ऐकणे बिघडले, त्यासह ३३ टक्के. २०२२ साली अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पण ती आजार न पसरलेल्या मुलांपुरतीच; कारण आधीच्या एका चाचणीत, ज्यांचा आजार शरीरभर पसरला होता त्यांच्यात हे रसायन घेतलेल्या मुलांपैकी कमी जगली. कानाला वाचवणारी वस्तू गाठीलाही वाचवीत असेल, ही शंका त्यामुळे पुसता आली नाही. अशा वेळी आईवडिलांना जो निर्णय घ्यावा लागतो, तो कोणत्याही नीतिग्रंथाच्या समासात मावणारा नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तोलात येते, ती म्हणजे पैसा. प्रोटॉन किरण ठराविक खोलीवर थांबतात, पलीकडे जात नाहीत. त्यामुळे निरोगी भाग अधिक वाचवता येतो. भारतात असे केंद्र २०१९ साली चेन्नईला सुरू झाले आणि २०२३ पासून टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेतही हे उपचार मिळू लागले. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून गरिबांचा आधार आहे, त्यामुळे खारघरचे यंत्र हे केवळ श्रीमंतांचे राहणार नाही अशी आशा धरता येते. तरीही देशभरच्या मुलांची संख्या पाहता रांग लांबच असणार. एकाच गाठीची दोन मुले, एकाच्या कानाला वळसा घालून किरण जातात, दुसऱ्याच्या कानातून. ही हानी हेतूबाहेरची असली तरी ती टाळता येण्याजोगी होती, आणि जी टाळता आली असती तिला नियती म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

असो. यंत्रे आणि औषधे हा डॉक्टरांच्या देण्याचा भाग झाला. घराचे आणि समाजाचे देणे कोणते? येथे मला त्या म्हणीकडे परत वळावे लागते. ‘जिवावरचे शेपटावर गेले’ हे आईने स्वतःशी म्हणावे. त्यात कृतज्ञता आहे, प्रार्थना आहे. तेच वाक्य मुलाला ऐकवले की त्याचा अर्थ पालटतो. ‘देवाने जीव दिला, कानाचे काय घेऊन बसलास?’ असे जेव्हा आपण बारा वर्षांच्या मुलाला म्हणतो, तेव्हा आपण देणेकरी असताना त्यालाच देणेकरी ठरवतो. सौदा आपण केला होता. किंमत त्याने दिली. आता त्याने वर आभारही मानावेत, आणि हरवलेल्याबद्दल शोक करण्याचा हक्कही सोडावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ती मायेपोटी येते, म्हणून ती ओळखू येत नाही इतकेच.

कोणी म्हणेल, बहिरेपणा म्हणजे एवढी मोठी आपत्ती समजणे हाच बहिऱ्यांचा अपमान नाही काय? आक्षेप खरा आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्टाइन संन्याशाने कर्णबधिर मुलांना शिकवून दाखवले. अठराव्या शतकात पॅरिसला आबे द लेपे या धर्मगुरूने हातांच्या खुणांना भाषेचा मान देऊन गरीब मुलांसाठी शाळा काढली. आपल्या मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८० नंतरच्या दशकात मूकबधिरांसाठी भारतातील पहिली शाळा सुरू केली. खुणांची भाषा बोलणारा समाज हा अपूर्ण माणसांचा समाज नव्हे. पण आपण ज्या मुलाविषयी बोलत आहोत ते त्या समाजातही जन्मलेले नसते. त्याला आजीची हाक आठवत असते. पूर्ण बहिरे नाही म्हणून ते खुणांच्या शाळेत जात नाही, आणि पूर्ण ऐकत नाही म्हणून चारचौघांच्या गप्पांत टिकत नाही. सगळे हसले की उशिराने हसायला ते शिकते. या मधल्या जागेतला एकटेपणा बहिरेपणाहून निराळा असतो.

आणि एक दिवस ते विचारते, ‘मला असे का झाले?’ उत्तर गोलमाल नसावे. ‘तू लहान असताना तुझ्या डोक्यात गाठ होती. किरण दिले नसते तर तू गेला असतास. त्यांनी कानाला इजा होऊ शकते, हे आम्हाला सांगितले होते. आम्ही सही केली. आजही केली असती. पण तुझे गेले, याचे आम्हाला दुःख आहे.’ यातले कोणतेही वाक्य गाळले तर उत्तर खोटे होते. विशेषतः शेवटचे. आईबापांना वाटते की दुःख कबूल केले तर पश्चात्ताप कबूल केल्यासारखे होईल. तसे होत नाही. योग्य तेच केले, आणि त्याने जे हरवले त्याचे वाईट वाटते, ही दोन्ही सत्ये एका घरात राहू शकतात.

देण्याचा उरलेला भाग रोजच्या कामाचा आहे, म्हणून त्याविषयी कोणी लिहीत नाही. उपचार संपले तरी श्रवणचाचणी वर्षानुवर्षे चालू ठेवायची, टाळीवर भरवसा ठेवायचा नाही. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे; चाचणी, श्रवणयंत्र, वाणीचे प्रशिक्षण हे तेथे मिळते. यंत्र लावले म्हणजे झाले असेही नाही, कारण ते शब्दाबरोबर पंख्याचा आणि बाकांचा आवाजही मोठा करते. शिक्षकाला सांगायचे की फळ्याकडे तोंड करून बोलू नका. हे सर्व दहा-पंधरा वर्षे, न थकता.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात बहिऱ्याला बरे केल्याचा प्रसंग आहे. येशूने त्या माणसाला प्रथम गर्दीतून बाजूला नेले, ही बारीक गोष्ट आपण वाचताना ओलांडून जातो. ज्याने कमी ऐकू येणाऱ्या मुलाबरोबर चार दिवस काढले आहेत तो ती ओलांडणार नाही. आपल्या उंच छपरांच्या जुन्या चर्चमध्ये ध्वनिक्षेपकाचा आवाज घुमतो आणि अशा मुलाला प्रवचनातला एक शब्दही लागत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात ते मागच्या बाकावर बसलेले असते, कारण पुढे बसले की सगळे पाहतात. पहिल्या कुमसाराच्या वेळी तर मोठीच पंचाईत. कोठडीत अंधार, मध्ये जाळी, आणि पलीकडे कुजबुज. मूल काहीतरी पुटपुटून, काहीही न ऐकता, बाहेर येते. त्याच्यासाठी सॅक्रिस्टीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडता येतात. दार लोटून घ्यावे. खिडकी फादरांच्या पाठीमागे नको, त्यांच्या तोंडावर उजेड पडेल अशी हवी. म्हणजे ओठ दिसतात.